गिरणीच्या हाताने जोडलेली टॅक्सी

गाडी भंगारात जाणार नाही, हे मी आधी सांगून टाकलं. ती नीट कशी करायची याचा विचार मग केला. माझं पहिल्यापासून असंच. एकदा तोंडातून शब्द गेला की हातांना त्याच्या मागे पळावं लागतं.

लालबागच्या आमच्या चाळीच्या आवारात ती टॅक्सी दोर बांधून ओढत आणून टाकली होती. पुढचं डावं चाक आत मुडपलेलं, नाक चेपलेलं, बसकण मारल्यासारखी एका बाजूला कललेली. गाडी माझ्या नवऱ्याची. त्याला मी तोंडाने 'अहो' म्हणायचे आणि मनात 'अरे', तेव्हा इथे मनातलंच लिहिते.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. रोज कुठे ना कुठे सभा, कुठे ना कुठे हरताळ. त्या दिवशी गिरगावात उतारू सोडून हा रिकामी गाडी घेऊन परत येत होता. बाजूच्या मैदानात सभा रंगली होती, कर्ण्यातून भाषण रस्त्यापर्यंत येत होतं. लोकांनी आरोळी ठोकली तशी याने मान तिकडे वळवली, आणि त्याच क्षणी गाडी डावीकडे ओढली जाऊन फुटपाथवर चढली. दिव्याच्या खांबापाशी एक म्हातारी कोळीण पाटी उतरवून टेकली होती. खांबाने गाडी अडवली म्हणून ती वाचली, पण तिचा पाय मोडला. यानेच तिला उचलून दुसऱ्या टॅक्सीत घातलं, हॉस्पिटलात नेलं. पोलीस चौकीत जबाब झाला, पुढे पोलिसांनी गाडी सोडली. घरी आला तो भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "माझं लक्ष नव्हतं. मी आता चाकाला हात लावणार नाही."

चाळीला काय, विषयच मिळाला. "भाषण ऐकत गाडी हाकतात, मग काय होणार!" असं नळावर माझ्या कानांवर पडेल इतक्या मोठ्याने बोलणं झालं. मी म्हटलं, "तुम्ही भाषण ऐकत भाकऱ्या करपवता, त्या आम्ही पाहतोच की."

गॅरेजवाल्याने गाडी बघून मान हलवली. हिच्यावर मेहनत घालण्यात अर्थ नाही म्हणाला. नवऱ्याने लगेच भंगारवाल्याशी बोलणं लावलं, आणि मला सांगितलं, "मी परत गिरणीत जातो. कार्डिंगमध्ये घेतील."

तिथे माझं डोकं फिरलं. लग्न झालं तेव्हा तो कार्डिंगमध्येच, कापूस पिंजायच्या खात्यात होता. दिवसभर कापसाची धूळ छातीत भरून घरी यायचा आणि खोकत बसायचा. त्या छातीत काय घरघरायचं, ते त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक होतं, कारण तिच्यावर डोकं ठेवून मी झोपायचे. टॅक्सी चालवायला लागला आणि खोकला गेला. माणूस हसायला लागला, रंगात आला की गायलासुद्धा लागला. गाडी गेली की तो पुन्हा त्या धुळीत जाणार होता. म्हणून मी म्हटलं, "गाडी विकायची नाही. मी नीट करते."

"तू?" तो म्हणाला.

"मी आणि बाबा."

माझे बाबा परळला राहायचे. जन्मभर गिरणीत फिटर, नुकतेच कामावरून सुटलेले आणि घरात बसून सगळ्यांचं डोकं खात असलेले. मी त्यांच्या हाताखाली वाढले. इतर मुली भातुकली खेळायच्या तेव्हा मी बाबांना पाने, पकडी उचलून द्यायचे. चाळीतले स्टोव्ह, शिलाई मशीन माझ्याकडेच दुरुस्तीला यायची. पण गाडी? गाडी ना मला चालवता येत होती ना बाबांना. बाबांनी टॅक्सीभोवती एक फेरी मारली, उकिडवे बसून खाली डोकावले आणि म्हणाले, "माका गाडी चालवूक येणा नाय गो. पण लोखंड येता."

मला तेवढं पुरे होतं.

गाडी जॅकने उचलून लाकडी ओंडक्यांवर ठेवली. कासोटा घट्ट मारला, पदर खोचला, गोणपाट अंथरलं आणि शिरले खाली. शेजारचे एक काका कट्ट्यावरून म्हणाले, "पोरी, पोळपाट सोडून हे काय?" मी खालूनच ओरडले, "काका, तुमचा स्टोव्ह माझ्या घरी पडलाय, तो न्यायला कधी येताय?"

बाबांनी मला आधी सगळी रचना समजावली. चहात बोट बुडवून फरशीवर काढून दाखवली. वरचं चाक फिरवलं की दांडा फिरतो, दांडा खालच्या पेटीतले दाते फिरवतो, पेटीतून बाहेर आलेला हात एका सळईला ढकलतो आणि ती सळई पुढच्या चाकांना वळवते. एवढंच. बाकी गाडीचं वजन झेलायला दोन्ही बाजूंना कमानी, एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांच्या. डाव्या कमानीचा मुख्य पाटा तुटला होता, म्हणून एक्सल सरकून चाक मुडपलं होतं. आणि सळईच्या टोकाला जो गोळा असतो, तो मानेत तुटून लटकत होता.

तो तुकडा मी रॉकेलने धुतला आणि उजेडात धरला. अर्धा भाग चमकत होता, दाणेदार, ताजा. उरलेला अर्धा काळपट, गुळगुळीत, गंज खाल्लेला. गिरणीत तुटलेल्या पिना बाबा घरी आणून आम्हाला असंच दाखवायचे. मी तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला. "ह्यो कधीपासून चिरलेलो हा," ते म्हणाले. "धडकेन तुटलो नाय. तुटलो म्हणान धडक झाली."

मी जिना कसा चढले मला आठवत नाही. नवरा खिडकीशी बसला होता. त्याच्या हातात तुकडा कोंबून मी सगळं सांगितलं. चीर आधीची. बाहेरून दिसली नसती. त्या दिवशी ती पूर्ण झाली, एवढंच. तुमचा हात चुकला नाही.

त्याने तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "तू माझी बायको आहेस. तू असंच म्हणणार."

"मी नाही म्हणत, लोखंड म्हणतंय!"

"आणि माझं लक्ष कर्ण्याकडे होतं, ते काय खोटं?"

"लक्ष असतं तरी हातात काय उरलं होतं? नुसतं चाक!"

त्याने तोंड फिरवलं. असा राग आला मला, वाटलं याला धरून गदागदा हलवावं. रडूही आलं. दोन्ही गिळून मी खाली गेले आणि गंजलेल्या नटावर सगळा राग काढला. नट सुटला.

कोळीणमावशीला मी रोज डबा नेत होते. नवरा हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत यायचा आणि तिथेच उभा राहायचा. मावशी कफ परेडच्या कोळीवस्तीतली, तोंडाने माझ्याहून फटकळ. पहिल्या दिवशी पायाचं नावही काढलं नाही तिने. "माझी पापलेटं रस्त्यावर सांडली ती कुणी खाल्ली सांग," म्हणाली. तुटलेल्या तुकड्याची गोष्ट मी तिला सांगितली, तेव्हा ती लगेच म्हणाली, "सुकाणूच तुटलं तर नाखवा काय करेल? पण तो येत का नाही वर? मी काय खाते का त्याला?" मी घरी येऊन शब्दन् शब्द सांगितला. नवरा म्हणाला, "तू वदवून घेतलं असशील." आता काय बोलणार! माझी ख्यातीच तशी.

नवे भाग आम्ही रे रोडच्या भंगारात शोधले. बाबा एकेक पाटा दोरीला टांगून हातोडीने ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. आवाज फुटका आला की बाजूला. गोळा तुटला होताच, सळईही वाकली होती. भंगारवाला म्हणाला, "ती ठोकून सरळ करून देतो, कशाला दुसरी घेता?" बाबा असे खवळले की मी दोन पावलं मागे सरकले. "वाकलेला लोखंड सरळ करून माणसांच्या जिवार उठतलंस?" सळई दुसरीच घेतली, गोळ्यासकट, धडधाकट, सरळ.

मग जोडणी. त्याबद्दल मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही. मागासाठी गिरणीत जसा ओळंबा सोडतात आणि सुतळी ताणतात, तशी आम्ही मागच्या चाकांपासून पुढच्या चाकांपर्यंत सुतळी ताणून एक्सल जागेवर आणला. कमानीचे बोल्ट आवळले. सळई बसवली, पिना घातल्या, ग्रीस भरलं. काम करताना बाबा शिट्टी वाजवत होते. मी त्यांना शिट्टी वाजवताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी स्टिअरिंग. चाक जरासं हलवलं तर खाली काहीच हलत नव्हतं. थोडं रिकामं फिरून मग दाते धरत होते. बाबांच्या कपाळाला आठी. गिरणीत फट म्हणजे पाप. फट राहिली की खडखड, खडखड झाली की कापड बिघडणार आणि सगळे फिटरच्या नावाने ठणाणा करणार. पेटीवर एक स्क्रू होता, तो आवळला की ती रिकामी हालचाल कमी होत होती. मी आवळत गेले, बाबा चाक हलवून बघत गेले. "अजून." "अजून जरासो." होता होता फट पार गेली. चाक असं घट्ट झालं की आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो.

आता चालवून कोण बघणार? मी नवऱ्याला विचारलं. तो जिन्याच्या पायरीवर आमच्याकडे पाठ करून बसला होता. म्हणाला, "मी सांगितलंय ना." मग मी म्हटलं, ठीक आहे, ढकलून बघू. चाळीतली चार धट्टीकट्टी माणसं मागे लागली, बाबा पुढे चाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा. छाती काढून बसले होते.

गाडी हलली. फाटकाकडे थोडा उतार, आणि फाटकाआधी डावीकडे वळण. बाबांनी जोर लावून चाक डावीकडे वळवलं. गाडी वळली. वळण संपलं तसे बाबांनी हात सैल सोडले, कारण चाक परत येतं हे त्यांनी जावयाला करताना शंभरदा पाहिलं होतं. चाक परत आलंच नाही. तसंच वळलेलं राहिलं. उतारावर गाडीने वेग धरला आणि ती थेट नळाकडे निघाली. नळावर बायका होत्या.

"सरळ जाणा नाय गो!" बाबा ओरडले.

"ब्रेक! मामा, ब्रेक! मधला!" हा आवाज नवऱ्याचा. पायरीवरून तो कधी उठला, कधी धावला, मी पाहिलं नाही. त्याने खिडकीतून दोन्ही हात आत घातले, चाक धरलं आणि अख्खं अंग मागे टाकून ओढलं. बाबांना मधला ब्रेक सापडला. गाडी थांबली. एक घागर चेपली, बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

मग जे झालं ते आमच्या घरात कधी झालं नव्हतं. जावयाने सासऱ्याला झाडलं. "कुणी आवळलं हे इतकं? मामा, हा काय माग आहे? रस्त्यावर चालवायचीय ही! थोडी मोकळीक ठेवली नाही तर चाक वळणातून मागे येईल कसं?"

बाबांनी जन्मात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. ते खाली उतरले आणि विचारलं, "कितकी ठेवूची?"

नवऱ्याने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर ओढून घेतला, पुढचं झाकण उघडून स्क्रू ढिला केला, आत बसून चाक हलवलं, उतरून पुन्हा जरा आवळला, पुन्हा बसला. डोळे मिटून दोन बोटांनी चाक हलवत होता. मागे उभ्या माणसांना मी हाताने गप्प राहायला सांगितलं. मग त्याने डोळे उघडले आणि आपण कुठे बसलोय हे त्याच्या लक्षात आलं. तो उतरायला लागला.

मी दार धरून उभी राहिले. "उतरायचं नाही," म्हटलं. "मावशीला आज घरी सोडतायत. ती काय पाय ओढत बसने जाणार?"

मी मागे जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्याने गाडी सुरू केली.

हॉस्पिटलच्या फाटकावर तो थांबला नाही, आत शिरला. वर वॉर्डात मावशी गाठोडं बांधून बसली होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तूच का तो?"

"हो मावशी. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं. भाषणाकडे होतं."

मी कपाळावर हात मारून घेतला. एवढं सगळं केलं, आणि हा स्वतःहून हेच सांगतोय! मावशीने हात पुढे केला. "उचल मला. आणि मी पुढे बसणार. मागे बसून रस्ता दिसत नाही."

प्लॅस्टरचा पाय लांब करून ती त्याच्या शेजारी बसली. मी मागे, गाठोड्याबरोबर. नवरा इतका हळू चालवत होता की सायकलवाले पुढे जात होते. मावशीने थोडा वेळ सोसलं. मग म्हणाली, "काय रे, वरात काढलीस का माझी? हाक की लवकर. बोटी लागायची वेळ झाली, माझा माल कोण उचलणार?"

नवऱ्याने गिअर बदलला. गाडीने वेग घेतला. मी मागे तोंडात पदर कोंबून रडत होते, पण ते कुणी पाहिलं नाही. त्या दोघांचंही लक्ष रस्त्यावर होतं.