हत्यारांची पिशवी

उंबरा ओलांडण्याआधी ती काखेतली पिशवी दोनदा थोपटायची आणि म्हणायची, "हत्यार हाय की." मगच पाय बाहेर. जायचं कुठं, तर दोन गल्ल्या सोडून शेंगाचटणीच्या कारखान्यात. मी तिची शेजारीण. बारा वर्षं एकाच उखळावर आम्ही दोघींनी चटणी कुटली.

अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल. गळ्यात आईची बोरमाळ, आणि ती राखायला हा सगळा थाट. पिशवीत तिखटाची पुडी. रुमालाच्या टोकाला बांधलेलं लोखंडी कुलूप, गरगर फिरवून मारायला. पत्र्याची शिट्टी. पदराला बोटभर लांब पिन. लेकीनं अकलूजहून पाठवलेला डोळ्यांत मारायचा फवारासुद्धा होता. तो चुकून उडेल म्हणून डब्यात, डबा फडक्यात, फडक्याला दोन गाठी.

"चोराला म्हणायचं, बस बाबा, चहा घे, तोवर गाठ सोडते," मी म्हणायची.

"हसा, अक्का. येळ आली की कळंल."

वेळ आली. भर दुपारी चौकात मोटरसायकलवरचा एक जण पत्ता विचारायला थांबला आणि त्यानं माळेला हात घातला. हिनं पुडी फाडून त्याच्या तोंडावर मारली. पण ती निघाली शेंगाचटणीची, दुपारच्या भाकरीसाठी घेतलेली. दोन्ही पुड्या एकाच वर्तमानपत्रात बांधलेल्या. गडी डोळे चोळत पळाला हे खरं, पण ओठ चाटत पळाला. कारखान्यात महिनाभर आम्ही बायका दुसरं काही बोललोच नाही.

माळ मात्र वाचली. तिला वाटलं, हत्यारांनी वाचवली. पुड्यांची पुन्हा अदलाबदल नको म्हणून तिखटाच्या पुडीला ती तेव्हापासून काळा दोरा बांधायला लागली. मी कपाळाला हात लावला.

पुढच्या उन्हाळ्यात तिचा मुलगा आला. त्याला नवी गाडी घ्यायची होती आणि डोळा माळेवर. दोन दिवस भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता. भांडी आपटत होती. तिसऱ्या दिवशी ती कामाला आली ती मोकळ्या गळ्यानं. मनगट काळंनिळं.

"पिशवी कुठं होती तुझी?" मी विचारलं.

"खुंटीला."

"एवढं ओझं बारा वर्षं वाहिलंस, ते खुंटीला लावायला?"

"पोटच्या पोराला तिखट मारू व्हय, अक्का?"

तिनं मुसळ उचललं आणि कुटायला लागली.

महिन्याभरात ती कायमची लेकीकडं गेली. निघताना उंबऱ्यात थांबली. पिशवी थोपटली नाही. आतली शिट्टी काढून तिनं माझ्या हातावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या. एकट्या असताय. तुमच्यापाशी कायच न्हाय."

शिट्टी मी दाराशी खिळ्याला अडकवली आहे. एकदा फुंकून पाहिली, गल्लीभर ऐकू गेली. तिच्या पिशवीला मी बारा वर्षं हसले. आणि ते दोन दिवस मी भिंतीच्या अलीकडं भाजी निवडत बसले होते. चार माणसं बोलवायला शिट्टी लागत नाही. तोंड माझ्यापाशी होतंच.