आत्याचा अंगठा

टांकसाळीत माझ्या आत्याला सगळे 'चाळणी' म्हणायचे. ठसा उमटण्याआधी नाण्यांच्या कोऱ्या चकत्या पट्ट्यावरून सरकत यायच्या आणि ती एकेक उचलून कडेवरून उघडा अंगठा फिरवायची. डोळ्याला न दिसणारी चीर किंवा तेलाचा डाग तिच्या अंगठ्याला लागायचा. हातमोज्यांना बंदी होती, कारण मोज्यातून काही कळत नाही. एकवीस वर्षं तिने हेच केलं. लग्नाचं विचारलं की म्हणायची, मी बारीकसारीक खोट काढणारी बाई, माझ्यापुढे कोण टिकणार?

त्या चकत्यांत तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल असायचं. तांबं एवढं असूनही रंग पांढराफटक, सगळा तोरा निकेलचा. तेच निकेल आत्याच्या मुळावर उठलं. आधी खाज, मग पुरळ, मग बोटांना भेगा. हे काम सोडल्याशिवाय हात बरे होणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पण घरात पगार तिचा एकटीचा. माझे वडील तेव्हा घरी बसून सल्ले द्यायचं काम करत.

मग बातमी आली की वर्षभरात नाणी पोलादाची होणार, निकेल बंद. आत्या हरखली. एक वर्ष कसंबसं काढलं की नोकरीही राहणार होती आणि हातही. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने खोडू लागली आणि मीही मूर्खासारखी तिच्याबरोबर दिवस मोजू लागले.

नवव्या महिन्यात खाज सहन होईना. कामावर जाताना ती हातांना व्हॅसलीन चोळू लागली. आपण ते नीट पुसतो, अशी तिची समजूत होती. जन्मभर चकत्यांवरचे तेलाचे डाग शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या अंगठ्यावरचं तेल दिसलं नाही. तेलकट चकत्यांवर ठसा उमटला तो पुसट, आकडे अर्धवट. चार पिंपं नाणी परत भट्टीत गेली. साहेबांनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि तिला कायमचं घरी पाठवलं. राग साहेबांचा यायला हवा, पण मला आजही तिचाच येतो आणि त्याची लाज वाटते.

हात काही बरे झाले नाहीत. सुट्टे पैसे घेतले तरी पुरळ उठायचं, म्हणून दुकानात मीच जायचे. पोलादाचं पहिलं नाणं मला तिथेच मिळालं. मी ते धावत घरी आणलं.

"आत्या, यात निकेल नाही. बघ ना कसं झालंय."

तिने डोळे मिटले आणि कडेवरून अंगठा फिरवला. मग उलटा फिरवला. मग दुसऱ्या हाताचा. भेगा भरून तिची कातडी जुन्या चपलेच्या तळासारखी जाड झाली होती.

"मला काही लागत नाहीये," ती म्हणाली. "याला कड आहे का गं?"