जात्या म्हणजे कोण

नोव्हेंबरातली संध्याकाळ, पाच चाळीस. मँचेस्टरच्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये कस्तुरी गिटार जुळवत होती. एरवी ती इस्पितळात एक्स-रे काढते. आज रात्री मात्र तिला विन्का बार्बिरबरोबर गायचं होतं.

विन्का क्रोएशियातल्या एका लहानशा बेटावरची. शहरातले रेकॉर्डवाले 'प्रमाण भाषेत गा' म्हणत राहिले, ती बेटाच्या बोलीतच गाणी रचत राहिली. बहुतेक समुद्रावर निघून गेलेल्या पुरुषांची. तिचं ऐकून कितीतरी जण आपापल्या घरची भाषा धुंडाळू लागले. कस्तुरी त्यांतलीच. तिने वडिलांना सांगून कराडच्या आत्याकडून फोनवर एक ओवी मागवली, 'जात्या, तुझ्यापाशी बोलते मनातलं', आणि गिटारवर संथ लयीत बसवली. ऐकणारे डोळे पुसत. तिचं नाव झालं ते याच गाण्यावर.

"जात्या म्हणजे काय?" विन्काने विचारलं.

"जो जातो तो. देश सोडून जाणारा."

पहिल्या रांगेत कस्तुरीचे वडील, निवृत्त डॉक्टर शशिधर, बसले होते. मुलीचं गाणं ऐकायला ते लंडनच्या एजवेअरहून आले होते. विन्काने त्यांनाही तेच विचारलं. त्यांनी घसा खाकरला. जातं म्हणजे दळायचा दगड, ते म्हणाले. दळताना बाई त्याच्याशी बोलते.

कस्तुरीचे कान तापले. ती मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्हाला अर्थ माहीत होता? ऑल धिस टाइम? मग सांगितला का नाही?"

"अगं, लोक रडत होते. मध्येच उठून काय सांगू, हे पीठ दळायचं गाणं आहे?"

विन्का हसली नाही. "जिने गाणं दिलं तिला विचारलं नाहीस?"

नव्हतं विचारलं. विन्काचे खलाशी डोक्यात इतके भरले होते की आत्याच्या दगडातही तिला तेच दिसले.

"लोकांना तू सांग," विन्का म्हणाली. "नाहीतर हे गाणं आपण वगळू."

स्टेजवर कस्तुरीने सांगितलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग सगळा हॉल हसला. त्या हशावरच तिला गावं लागलं. दुसरी ओळ चुकली. विन्काने ती सावरून घेतली, त्याचीही तिला लाज वाटली.

नंतर दाराशी एक बाई थांबली होती. "माझ्या भावाच्या अंत्यविधीला आम्ही हेच लावलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

बाबांनी कोट पुढे केला. "चल, जेवू काहीतरी."

"नको. आत्याचा नंबर द्या. आणि ती फोन कधी उचलते, ते सांगा."

"दिवे लागले की घरातच असते."

उद्या कस्तुरीची जेवणाची सुट्टी एक वाजता आहे. तेव्हा कराडला साडेसहा वाजलेले असतात.