पुढच्या रांगेतला

"काल तू मेलास," सुप्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला शिरता शिरता तो मला सांगायचा. "भुयारातल्या कोळ्यानं आतडी काढली. लई तडफडलास राव." चेहरा मयतीला आल्यासारखा. मी विचारायचो, "मातीला कोण कोण होतं?"

तो माझ्या शेजारच्या प्रेस मशीनवर होता आणि खोलीही शेजारचीच. पाथर्डीकडचा. मोबाईलवर गाड्या उडवणारी माणसं तुम्ही रोज पाहता. याला मात्र सेकंडहँड कॉम्प्युटरवरचे जुने, खडतर गेम लागायचे. टोळी घेऊन भुयारात उतरायचं आणि राक्षस कापत पुढे जायचं. टोळीतल्यांना तो आमचीच नावं द्यायचा. गेम वाट दाखवत नाही, म्हणून भुयाराचा नकाशा त्यानं खोलीच्या भिंतीवर खडूनं काढला होता. घरमालक भडकला तेव्हा म्हणाला, "पुसू नका काका, आमी सगळे आत हाय."

"कोणी मेलं की मागं जाऊन परत सुरू कर ना," मी एकदा म्हणालो. सगळे तसंच करतात. तो म्हणाला, "मेलेला माघारी यायला लागला, तर मानूस कुनालाबी पुढं ढकलंल. मग त्यात मजा काय?"

त्याचा धाकटा भाऊ माघारी येणार नव्हता. ऊसतोडीच्या तळावर टँकरच्या पाण्यावरून भांडण झालं आणि गावातल्याच एकानं धाकट्याच्या मानेवर कोयता घातला. तो मारेकरी आता जामिनावर सुटून गावात राहत होता. "त्याला मी कापनार," हा डबा खाता खाता सांगायचा आणि आम्हाला ते खरं वाटायचं. धाकट्यावरून वेडंवाकडं बोललेल्या एका वेल्डरचे दात त्यानं आमच्यासमोर पाडले होते. मला त्याची भीती वाटायची, आणि तो मला फार आवडायचाही.

मग त्यानं गेममध्ये नवी टोळी केली. मागच्या रांगेत धाकटा, जखमा भरणारा वैद्य. सगळ्यात पुढे मारेकरी. "पहिला घाव त्यालाच बसू दे." रोज खुशीत बातम्या द्यायचा, आज त्याला जाळला, आज बरगड्या मोडल्या. पण त्या गेममध्ये घाव सोसून जो जगतो तोच बळकट होत जातो. मारेकरी काही मरेना. महिने गेले तशा बातम्या बदलल्या. "आज भुतं उभी चिरली त्यानं. धाकट्याला नख लागू दिलं न्हाई." हे सांगताना त्याला स्वतःचाच संताप यायचा.

एका रविवारी दुपारी मी त्याच्या खोलीत बसलो होतो. टोळीतले बाकीचे कापले गेले होते. समोर कुऱ्हाडवाला राक्षस, पुढे रक्तबंबाळ मारेकरी, मागे धाकटा. आता धाकट्याची पाळी होती. त्यानं पळून जीव वाचवायचा, नाहीतर मारेकऱ्याची जखम भरायची. हा कितीतरी वेळ हात आखडून बसला. मग त्यानं धाकट्याला जखम भरायला लावली. राक्षसाच्या पुढच्याच फटक्यात दोघंही गेले.

त्यानं कीबोर्ड बुक्क्यांनी फोडला. बोटांतून रक्त यायला लागलं तरी थांबेना. "त्यो धाकट्याम्होरनं हटला न्हाई रं," एवढंच ओरडत होता.

दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला.

"कोयता घिऊन त्याच्या अंगनात गेल्तो," तो म्हणाला. "पळाला न्हाई. मान खाली घालून बसला. मी इचारलं, धाकटा शेवटाला काय बोलला? म्हनला, पानी मागत हुता. म्हनलं, दिलंस का? न्हाई म्हनला."

"मग?" मी विचारलं.

"घातला कोयता. त्याच्या रांजनावर. सगळ्या अंगनात पानीच पानी. त्यो तसाच भिजत बसला. मी निघून आलो."

मी भर रस्त्यात रडलो. तो सुप्याला परत आला नाही. धाकट्याच्या लेकरांजवळ गावातच राहिला. परवा तिकडचा एक जण सांगत होता, कोयता अजून त्या अंगणातच पडलाय. तो मारेकरी उचलत नाही, आणि हा आणायला जात नाही.