निळ्या तोंडाचा माणूस

आधुनिक चित्रकलेशी माझी ओळख झाली ती पंख्यामुळे. साठ सालानंतरची एक-दोन वर्षं. मी अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो आणि कामाचे कागद घेऊन मला अधूनमधून अमरावतीला जावं लागे. वैशाखातली दुपार होती, परतीच्या बसला अवकाश होता आणि रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. एका शाळेच्या फाटकावर कापडी फलक दिसला : ‘वऱ्हाडातील चित्रकारांचे प्रदर्शन. प्रवेश सर्वांस मोकळा.’ उघड्या दारातून आतले पंखे गरगर फिरताना दिसले. मी आत शिरलो तो त्या पंख्यांसाठी.

तोवर चित्र म्हणजे माझ्या लेखी कॅलेंडरावरचे देव, नाहीतर फोटोवाल्याकडे पाठीमागे टांगलेला महाल आणि कारंजं. चित्रं काढणारे लोक मुंबईत राहतात, केस वाढवतात आणि बहुतेक वारलेले असतात, अशी माझी पक्की समजूत होती. जिवंत चित्रकार, तोही आपल्यासारखा बडनेऱ्याला गाडी बदलणारा, ही कल्पना कधी मनात आलीच नव्हती.

बराच वेळ मी एका पंख्याखाली उभा राहिलो. फुकटची हवा खातोय असं कुणाला वाटू नये म्हणून मधूनमधून मान तिरकी करून समोरच्या चित्राकडे पाहत होतो. त्यात तांबडे-पिवळे चौकोन होते. मी त्यांना गंभीरपणे ‘हं’ म्हणालो. मग घाम सुकल्यावर पुढच्या पंख्याखाली सरकलो, आणि तिथे भिंतीवर मला मीच दिसलो.

बस स्टँडच्या बाकावर एक माणूस झोपला होता. मान मागे कललेली, तोंड उघडं, पिशवी पोटाशी धरलेली आणि एका पायाच्या अंगठ्यावर चप्पल लोंबकळलेली. त्याचं तोंड निळं होतं, हात हिरवट, मागची भिंत शेंदरी. पण रंगाचं काय घेऊन बसलात! असं तोंड उघडं टाकून झोपणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, हे माझी बायको लग्नापासून सांगत आली होती. पिशवी माझ्याच पिशवीसारखी. आणि चप्पल तर माझीच. तिचा अंगठा तुटला तेव्हा मोच्याकडे काळं चामडं संपलं होतं, म्हणून त्याने तांबडं लावून दिलं होतं. चित्रातल्या काळ्या चपलेलाही अंगठा तांबडा होता. खाली चिठ्ठीवर चित्राचं नाव होतं, ‘बस गेली’. त्याखाली चित्रकाराची आद्याक्षरं आणि आडनाव. ते मी नीट वाचलंसुद्धा नाही. माझं सगळं लक्ष माझ्याकडे होतं.

बडनेरा जाईपर्यंत मला राग आला होता. न विचारता, झोपेत, आणि वर निळं! मूर्तिजापूरला बस थांबली तोवर रागाचा अभिमान झाला होता. अकोल्याला मी उतरलो तो अमर होऊन.

बायको अंगणातल्या कुरड्या गोळा करत होती.

“अमरावतीले माझं चित्र लागलंय. मोठ्या प्रदर्शनात,” मी म्हणालो.

“कावून? तुमी काय केलं?”

“काही केलं नाही. झोपलो होतो.”

“ते त तुमी घरी बी करता,” ती म्हणाली आणि कुरड्यांकडे वळली.

कचेरीतही मी सर्वांना सांगितलं. चित्र लागलंय म्हटल्यावर हेडक्लार्कने काळजीने विचारलं, “कुठं, पोलीस ठाण्यात का?” तेव्हा ठरवलं की निदान बायकोला तरी प्रत्यक्ष दाखवायचं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता, म्हणून गर्दी होती. बायकोने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. “तुमचं नाक एवढं सरळ कुठी हाये?” एवढंच बोलली आणि मागे जाऊन उभी राहिली.

मी मात्र चित्राच्या शेजारी असा उभा राहिलो की येणाऱ्याला तुलना करणं सोपं जावं. मान थोडी मागे टाकली. तोंडही किंचित उघडं ठेवलं. लोक येत, चित्र पाहत, मला ‘जरा बाजूला व्हा’ म्हणत आणि पुढे जात. शेवटी न राहवून मी छातीला फीत लावलेल्या एका गृहस्थांना गाठलं. हे निवृत्त हेडमास्तर होते आणि पाहुण्यांना चित्रं समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं.

“सर,” मी हळूच म्हणालो, “हे चित्र माझं आहे.”

“अरे वा!” त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “आपण येणार म्हणून आम्ही सकाळपासून वाट पाहतोय. मंडळी, इकडे या! चित्रकार स्वतः आले आहेत.”

बघता बघता माझ्याभोवती दहा-बाराजण जमले. मी चित्रकार नाही, मी चित्रातला आहे, हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण तेवढ्यात एका चष्मेवाल्या वकिलासारख्या गृहस्थांनी अदबीने विचारलं, “तोंड निळं का केलंत, हे जरा सांगाल का?”

इतक्या आदराने मला कुणी कधी ‘का’ विचारलं नव्हतं. कचेरीत ‘का’ विचारलं जाई ते लेखी खुलासा मागताना. त्या आदरासमोर मी विरघळलो.

“त्याचं असं आहे,” मी म्हणालो, “माणूस गाढ झोपला की आतून निळा होतो.”

“वा!” कुणीतरी म्हणालं. मलाही ते पटलं.

“आणि हात हिरवे?”

“हात उशिरा झोपतात.”

पुन्हा ‘वा’ झाली. आता मी भिंतीच्या शेंदरी रंगाकडे वळणार होतो. मागे बायको तोंडाला पदर लावून उभी होती. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. तिच्या शेजारी पंचविशीतली एक बाई खांद्याला शबनम पिशवी अडकवून माझं व्याख्यान मन लावून ऐकत होती. हेडमास्तरांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

“आपल्याला काही विचारायचंय का बाई?”

“हो,” ती म्हणाली. “ह्यांनी हे चित्र कधी काढलं?”

“का बरं?”

“नाही, मी काढत होते तेव्हा हे तिथं दिसले नाहीत, म्हणून विचारलं.”

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग चष्मेवाले गृहस्थ हसू लागले आणि त्यांच्या पाठोपाठ सगळा हॉल. पंखे चालू असूनही माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. “माझं म्हणजे… माझ्यावरून काढलेलं, असं म्हणायचं होतं,” मी कसंबसं बोललो.

ती हसली नाही. बाजारात आलेल्या कापसाकडे व्यापारी पाहतो तसं तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“भाऊ, ते माझे वडील आहेत,” ती म्हणाली. “चांदूर बाजारला शाळेत चित्रकलेची बाई म्हणून मला नोकरी लागली, तेव्हा पोचवायला आले होते. पोरीला सरकारी पत्र आलं म्हणून साऱ्या वस्तीत सांगत फिरले. कापसाच्या जिनमध्ये रात्रपाळी केली आणि तसेच निघाले. आम्ही स्टँडवर पोचलो तर पहिली बस निघून गेली होती. बाकावर बसले आणि बसल्याबसल्या झोपले.”

“पण मग निळं?” चष्मेवाल्यांना उत्तर हवंच होतं.

“उजाडायच्या आधी तसंच दिसतं. पाहा कधी.”

आता बायको पुढे आली. तिला चप्पल ओळखू आली होती. शेवटी ती शिवायला तिनेच टाकली होती. “मंग हे चप्पल कोनाची?”

चित्रकार बाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. तांबडा अंगठा तिथे होताच.

“वडिलांच्या पायात काही नव्हतं,” त्या म्हणाल्या. “तसे चित्रात नको होते मला. मग पुढे एकदा अमरावतीच्या स्टँडवर कोणाच्या तरी पायातली पाहून घातली. तुमचीच असेल.”

“म्हणजे मी आहे थोडासा?”

“चपलेपुरते आहात.”

पुन्हा हशा झाला, पण पहिल्यापेक्षा हळू. लोक आता चित्रातल्या पायांकडे पाहत होते. मीही पाहिलं. मघापासून मी त्या माणसाशेजारी उभा होतो, त्याच्याविषयी दोन शोध लावून मोकळा झालो होतो, आणि तो इतका दमलेला आहे हे मला आत्ता दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये बायको मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मग एकदम म्हणाली, “हात उशिरा झोपतात!” आणि थेट अकोल्यापर्यंत हसत राहिली. कचेरीत मी सांगितलं की प्रदर्शन संपलं, चित्र काढून ठेवलं. हे खोटं नव्हतं.

पण ते ‘पाहा कधी’ माझ्या डोक्यातून जाईना. उन्हाळ्यात आम्ही अंगणात झोपत असू. एकदा उजाडायच्या आधी उठून बसलो आणि शेजारच्या खाटेवरच्या बायकोकडे पाहिलं. तिचं कपाळ निळसर होतं. हात खरंच किंचित हिरवट वाटत होता. मी इतका खूश झालो की तिला उठवून सांगितलं. त्यावर ती जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्यानंतर मी प्रदर्शनांना जाऊ लागलो, तेही हिवाळ्यात, पंखे बंद असताना. ती शाळांच्या हॉलमध्ये भरत, वाचनालयात भरत, एकदा तर कापसाच्या गोदामात भरलं होतं आणि चित्रांवर रुई उडून चिकटत होती. तिथे मला एकेक जिवंत चित्रकार भेटत गेला. एक बार्शीटाकळीचा शेतकरी फक्त काळी जमीन काढायचा. वर आभाळाची पट्टी ठेवायलासुद्धा तयार नसायचा. एक पोस्टातला बाबू पातूरच्या लेण्यांमधला अंधार रंगवायचा. मी त्याला विचारलं, “ह्यात लेणी कुठं आहेत?” तो म्हणाला, “तुम्ही आत उभे आहात.” मी घाईघाईने दोन पावलं मागे सरलो.

या लोकांना माझी सवय झाली. माझ्या मताची गरज कुणाला नव्हती, पण भिंतीत खिळे ठोकायला माणूस लागायचा. अकोल्याला प्रदर्शन भरायचं ठरलं की मी हातोडी घेऊन हजर. निम्मे खिळे वाकत आणि चित्रं तिरकी लागत. नव्या पाहुण्यांना वाटे की त्यात काही अर्थ असावा.

अशाच एका प्रदर्शनासाठी चित्रकार बाई अकोल्याला आल्या आणि दुपारी आमच्याकडे जेवायला थांबल्या. जेवणानंतर बायको दाराशी तुरीची डाळ निवडायला बसली. बाईंनी शबनममधून कागद काढला. मी लगेच केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत ताठ बसलो.

“मले काय पाहता?” बायको म्हणाली. “ह्यायलेच काढा. त्यायले लई हौस हाये.”

“त्यांना झोपू द्या वहिनी,” बाई म्हणाल्या. “तुम्ही डाळ निवडा.”

मला झोप येईना. मी उठून दारात जाऊन उभा राहिलो, कागदावर काय उमटतंय ते दिसेल अशा बेताने. थोड्या वेळाने बाई मान वर न करता म्हणाल्या, “भाऊ, उजेड तुमच्या मागं राहिला.” मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

पुढच्या हिवाळ्यात ते चित्र अकोल्याच्या वाचनालयात लागलं. खिळा मीच ठोकला होता, आणि तो वाकला नव्हता. लुगड्याचा रंग जांभळा केला होता, डाळ तांबडी. पण बायको डाळीकडे पाहत नव्हती. सूप मांडीवर, बोटं डाळीत, आणि मान वर करून ती कुठेतरी बाहेर पाहत होती. डोळ्यांत असं काहीतरी होतं की मी हातातली हातोडी खाली ठेवली. इतकी वर्षं ती माझ्यासमोर डाळ निवडत आली, पण ती अशी वर पाहते हे मी कधी पाहिलं नव्हतं. काय असेल तिच्या मनात? माहेर? मी न विचारलेलं काही?

संध्याकाळी ती आल्यावर मी तिला चित्रासमोर नेलं आणि हळू आवाजात विचारलं, “तेव्हा काय पाहत होतीस?”

“काई नाई,” ती म्हणाली. “तुमी दारात उभे होते. कवा हालता ते पाहून राहिली होती.”

पण ती तिथून लवकर निघाली नाही. माणसं येऊन गेली, कुणीतरी ‘ह्याच का त्या’ म्हणून कुजबुजलं, तिने पदर सारखा केला आणि पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन ती पुन्हा गेली. मला दोघींनी बोलावलं नव्हतं. तरी मी गेलो, आणि उजेड अडणार नाही अशी जागा बघून उभा राहिलो.