आधी माझ्यावर करून दाखवा

गायकवाड खुर्चीतून उठून थेट दाराकडे निघाले. गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्यावर मी ब्रश फिरवणार, एवढं ऐकूनच. खडकीत दारूगोळ्याच्या कारखान्यात जन्म काढलेला माणूस, आणि ब्रशला घाबरतो!

ब्रश बायॉप्सी, म्हणजे चट्ट्यात कॅन्सरची शंका आहे का ते बघणं, फार काही नाही. भूल नाही, टाके नाहीत. कडक केसांचा छोटा ब्रश चट्ट्यावर दाबून फिरवायचा, रक्ताचे बारीक ठिपके येईपर्यंत. वरवर फिरवला तर खालच्या थरातल्या पेशी येतच नाहीत. ब्रशला लागलेलं काचपट्टीवर पसरायचं आणि लॅबला पाठवायचं. विश्रांतवाडीतल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात तेव्हा हे नवीनच होतं. गायकवाडांची लेक आयटीत. तिनं इंटरनेटवर वाचून वडिलांना माझ्याकडे पिटाळलेलं.

सोबत त्यांची पत्नी, सुमनताई. शाळेत शिक्षिका. नवऱ्याच्या तंबाखूचा रोज उद्धार करणाऱ्या.

"अहो, बसा खाली," त्या म्हणाल्या. "डॉक्टर, आधी माझ्यावर करून दाखवा. म्हणजे यांची भीती जाईल."

मी हसत त्यांना खुर्चीत बसवलं. ब्रश नुसता टेकवून दाखवणार होते. खालचा ओठ ओढला आणि माझा हातच थांबला. ओठ आणि हिरडीच्या मध्ये खरबरीत चट्टा. पांढरा, मधे लालभडक. गायकवाडांचा याच्यापुढे काहीच नव्हता.

"ताई, तुम्ही तंबाखू खाता?"

"मी? शी! आयुष्यात हात लावला नाही."

"मग इथे काय लावता?"

"मिश्री. दात घासायला. आमच्याकडे सगळ्याच बायका लावतात."

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून कुटलेला तंबाखूच. मी तसं सांगितलं, तेव्हा त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या. त्या उठल्या तसे गायकवाड आपणहून खुर्चीत येऊन बसले.

नमुने दोघांचे घेतले. गायकवाडांचा रिपोर्ट साफ. ताईंच्या पेशी बिघडलेल्या. पण ब्रश फक्त शंका दाखवतो. खात्रीसाठी तुकडा काढावाच लागतो. ताई ऐकेनात. सुरी लागली की पसरतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. मी समजावून थकले.

शेवटी गायकवाड म्हणाले, "शाळेतल्या पोरांना लस टोचायला ओळीत उभं करतेस ना? आता तुझा नंबर."

तुकड्यात कॅन्सर निघाला. नशीब, अगदी सुरुवातीचा. ऑपरेशनमध्ये ओठाचा थोडा भाग गेला, पण बाई वाचल्या. पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या.

तेव्हापासून मी नुसतं तंबाखू खाता का, असं विचारून थांबत नाही. दात कशानं घासता, हेही विचारते. अजूनही एखादी शिकलीसवरलेली बाई बिनधास्त सांगते, "मिश्रीनं." आणि मी लगेच तिचा खालचा ओठ ओढून बघते.