वेगळी मांडलेली चूल

कोतवाली सोडून बरीच वर्षं झाली, पण त्या पोरीचं प्रकरण अजून मनातून जात नाही.

पेशव्यांच्या तोफखान्यात गोव्याकडचा एक किरिस्ताव गोलंदाज होता. एके सकाळी तो आमच्या चावडीवर फिर्याद घेऊन आला. रविवार पेठेतल्या एका व्यापाऱ्यानं घरकामाला नवी कुणबीण, म्हणजे दासी, विकत घेतली होती. हौदावर पाणी भरताना गोलंदाजाच्या बायकोला तिच्या घोट्यांवर दोरीचे वळ दिसले होते.

"आईबापांनी राजीखुशीनं विकलेल्या पोरीला कुणी बांधून आणतं का?" तो म्हणाला.

त्या काळी दुष्काळात आईबापांनी मूल विकलं, तर ती विक्री चालत असे. पळवून आणलेलं माणूस विकणं मात्र गुन्हा होता. म्हणजे पोर कुठून आली, एवढंच ठरवायचं होतं. पण मला आधी या माणसाचंच कुतूहल वाटलं.

"पोर तुमच्या धर्माची?"

"नाही, सरकार."

"मग तुम्हाला काय पडलंय? गोव्यात तर तुमचे फिरंगीच माणसं विकतात."

"विकतात, आणि पाप करतात. आमच्या देवाला, येशूलाच, त्याच्या एका शिष्यानं पैशांसाठी विकलं होतं. विकलेलं माणूस दिसल्यावर मान फिरवायची तर त्याचं नाव कशाला घ्यायचं?"

उत्तर मला नवीन होतं. तरी शंका होतीच, की याला पोर बाटवायची असेल. व्यापारी, दलाल आणि पोर, तिघांनाही मी चावडीवर आणवलं.

"अहो, रीतसर घेतली आहे," व्यापारी म्हणाला. "आता कुणबीण घेतली म्हणून तोफखान्याला विचारायचं का?"

दलाल म्हणाला, पोर खानदेशातली, दुष्काळात आईबापांनीच विकली. पोर तोंड उघडेना. नाव विचारलं तरी खाली बघायची. मी तिला चावडीवरच ठेवून घेतलं.

चावडीवर ठेवलेल्या माणसाला कोरडा शिधा मिळे आणि ज्याचं त्यानं रांधून खायचं, अशी रीत होती. तिला ज्वारीचं पीठ दिलं. तिनं पाण्याला उकळी आणली, पीठ त्यात टाकलं, झाकण ठेवलं आणि उकड काढत बसली. माझी बायको कोकणातली. लग्नानंतर पहिल्यांदा ज्वारी हातात आली तेव्हा तिनं नेमकं हेच केलं होतं. ज्वारीचं पीठ थेट मळतात, उकड काढतात ती तांदळाच्या पिठाची. तांदळाच्या भाकरीची सवय दुसरं काय करणार?

मी जवळ जाऊन विचारलं, "कोकणातली का गं तू?"

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"दलालाला कोठडीत घातलंय. आता बोल."

मग ती बोलली. बाजाराच्या वाटेवरून तिला उचललं होतं. बोललीस तर धाकट्या बहिणीलाही आणीन, असा दलालाचा दम होता.

दलालाला पुढ्यात घेतलं. "खानदेशात तांदळाची भाकरी कधीपासून करतात?" त्यानं दोन-तीन गावांची नावं घेतली, मग पोरीनं सांगितलेल्या गावाचं नाव मी घेतलं. त्यानं सगळं कबूल केलं.

तिच्या बापाला निरोप द्यायला कोकणात जासूद पाठवला. बाप येईपर्यंत पोर ठेवायची कुठे? व्यापाऱ्याच्या घरी तर नाहीच. गोलंदाज म्हणाला, आमच्याकडे राहील. मी नाइलाजानं हो म्हटलं आणि पाळतीला एक शिपाई ठेवला. शिपायानं येऊन सांगितलं ते ऐकून मी स्वतः बघायला गेलो. नवराबायको ओसरीवर निजत होती. आतल्या खोलीत पोरीसाठी नवी मडकी आणि वेगळी चूल मांडली होती.

"आमच्या हातचं पाणीसुद्धा दिलेलं नाही," त्याची बायको म्हणाली. "उद्या गावानं बोट ठेवलं तर पोरीनं जायचं कुठे?"

बाप आला. चावडीत पोरीला पाहून रडला, पण जवळ गेला नाही. मान खाली घालून त्यानं मला विचारलं, "सरकार, इतके दिवस कुणाच्या हातचं खाल्लं हिनं?"

मी शिपायाकडे पाहिलं. पण अंगणात लांब उभा असलेला गोलंदाजच बोलला, "तिच्याच हातचं. मी येशूची शपथ घेतो, पाहिजे तर शिपायाला विचारा."

बापानं पोरीचा हात धरला.

मला वाटे, माणूस दुसऱ्याच्या प्रकरणात पडतो तो काहीतरी मिळवण्यासाठी. त्या दोघांनी स्वतःच्याच घरात स्वतःला विटाळ ठरवून घेतलं, ते पोर घरी जावी म्हणून. त्यानंतर कुठल्याही दलालानं विक्रीची नोंद करायला कुणाला चावडीवर आणलं, की मी दलालाला बाहेर बसवत असे आणि त्या माणसाला आधी विचारत असे, तुझं गाव कोणतं?